हैदराबाद प्रश्न, सुरक्षा परिषदेतील

हैदराबाद संस्थानाने २१ ऑगस्ट १९४८ रोजी भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या तक्रारीतून उद्भवलेला वाद. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या पस्तिसाव्या कलमानुसार सदस्य नसलेले राज्यही आपला तंटा परिषदेपुढे नेऊ शकते. पण हैदराबाद मुळात ‘राज्य’ होते का? भारताने ते ठाम नाकारले. भारत व हैदराबाद यांच्यातील नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारातही परराष्ट्र व्यवहार भारताकडेच होते. १६ सप्टेंबर १९४८ ला परिषदेने विषय चर्चेला घेतला आणि दुसऱ्याच दिवशी हैदराबादचा शासक असलेल्या निजामाने भारताच्या लष्करी कारवाईपुढे शरणागती पत्करली. पुढे त्याने तक्रारही मागे घेतली. खरा कायदेशीर मुद्दा अनिर्णितच राहिला. राज्यत्वाचा तसाच पेच कोसोवो, पॅलेस्टाईन यांच्या बाबतीत आजही आहे. हैदराबादचा विषय परिषदेच्या यादीत मात्र पुढे कित्येक वर्षे तसाच पडून होता.