भिंतीवरचा देव आणि खालची ओळ



‘जाहिरात आणि संस्कृतीचा ऱ्हास’ हा विषय एका संध्याकाळच्या ओंजळीत मावणारा नाही. त्यात साबण येतो, चहा येतो, निवडणूक येते आणि लग्नाचा मांडवही येतो. म्हणून मी तो आपल्या घरातल्या एका भिंतीपुरता मर्यादित करणार आहे: जिथे खिळा असतो आणि खिळ्यावर दिनदर्शिका असते, ती भिंत. वर लक्ष्मी किंवा गणपती, खाली दुकानाचे नाव. हे दोघे एका कागदावर कसे आले, याचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात बरीचशी आपल्या बडोद्यातच झालेली आहे.

त्याआधी आपल्या पणज्या-खापरपणज्यांना देव कुठे दिसत होता? देवळात, हे तर झालेच. देव्हाऱ्यात टाक असत. चांदीच्या वीतभरही नसलेल्या पत्र्यावर ठोकलेले खंडोबा, भवानी, घरातले पूर्वज. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढला जाई. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लागे. तळकोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आपली पोथी घेऊन गावोगाव जात आणि एकेक चित्र उलगडत रामायण-महाभारत सांगत. या सगळ्या चित्रांना एक समान गुण होता, तो म्हणजे मुदत. नाग दुसऱ्या दिवशी पुसला जाई, गणपती पाण्यात जाई, चित्रकथ्याची पोथी कथा संपली की बांधली जाई. टाक कायमचे, पण तेही झिजले की विधिपूर्वक बदलण्याची रीत होती. देवाची प्रतिमा घरात आणायची आणि तिला निरोप द्यायचा, या दोन्ही गोष्टींचे आचार ठरलेले होते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आता बडोद्याकडे येऊ. सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी देशस्थ घराण्यातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषवले. त्रावणकोरच्या ओळखीतून किळिमानूरच्या रविवर्म्याचा बडोद्याशी संबंध जुळला आणि 1881 च्या डिसेंबरात सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा इथे व्यक्तिचित्रे काढायला आला. पुढे महाराजांनी त्याच्याकडून पौराणिक विषयांवर चौदा मोठी चित्रे करवून घेतली. ती तयार झाली आणि लोकांना पाहायला ठेवली गेली, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. दरबारासाठी काढलेल्या चित्रांना रस्त्यावरचा माणूसही भुकेला आहे, हे त्या गर्दीने दाखवून दिले. चित्रांना एवढी मागणी आहे तर त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, ही सूचना माधवरावांनी चित्रकाराला आधीच केली होती. 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. प्लेगच्या काळात तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला.

शिळाछाप म्हणजे खरोखरच शिळा. बव्हेरियातून आलेला चुनखडीचा गुळगुळीत दगड, आणि प्रत्येक रंगाला वेगळा. त्यावर जर्मन कारागीर चरबीयुक्त शाईने चित्राचा तेवढाच भाग उतरवत आणि कागद एकामागून एक या सगळ्या दगडांवरून जाई. कागद केसभर सरकला तरी लक्ष्मीचे ओठ गालावर जायचे. वर रोगण चढवले की तेच चित्र तैलचित्रासारखे चमके. कमळावर उभी असलेली चार हातांची लक्ष्मी आणि मोरासह वीणा घेतलेली सरस्वती या दोन चित्रांनी हिंदुस्थानभर जी घरे गाठली, ती त्याआधी कुठल्याही एका चित्राने गाठली नसावीत. बायका त्या छापील साड्यांवर जर आणि टिकल्या चिकटवत. ही हौस मला फार अर्थपूर्ण वाटते. विकत आणलेल्या वस्तूला हात लावून ती आपली करून घेण्याची ती धडपड होती.

इथपर्यंतच्या इतिहासाला मी ऱ्हास म्हणायला तयार नाही. असे म्हणणारे जाणकार आपल्यात आहेत. छापील देवांनी अभिरुची बिघडवली, असे त्यांचे मत आहे. पण नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारासाठी 1930 मध्ये सत्याग्रह करावा लागला, हे विसरून चालणार नाही. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्या झोपडीत छापील राम जाऊ शकत होता. कागद कुणाची जात विचारत नाही. पुण्याच्या चित्रशाळेने 1878 पासून रामपंचायतन आणि पेशवाईतली मंडळी छापून घरोघर पोचवली, तो तर उघड उघड स्वदेशाभिमानाचा उद्योग होता. आणि आपल्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके काही काळ रविवर्म्याच्या छापखान्याचे काम करत होते. दगडावरचे देव हाताळलेल्या माणसाने 1913 मध्ये पडद्यावर हरिश्चंद्र उभा केला. छापील चित्राने एवढे दिले असेल, तर त्याला सरसकट दोष देणे कृतघ्नपणाचे होईल.

बिघाड आला तो चित्र विकण्यात नव्हे, चित्राने दुसरेच काहीतरी विकण्यात.

छापखाना कर्जात गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायखर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. श्लायखर व्यवहारी माणूस. देवांच्या चित्रांबरोबर त्याने जाहिराती आणि लेबले छापायलाही घेतली. त्याच काळात मँचेस्टरच्या गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत तिकिटे चिकटवून येत होती. त्यांवर कृष्ण, लक्ष्मी, शकुंतला. गिऱ्हाइकाला अक्षर येत नव्हते, पण चित्र ओळखता येत होते. ‘तो मुरलीवाला तागा द्या’ असे म्हटले की भागे. देव हा व्यापारचिन्ह झाला तो असा, आणि तो विलायती मालाचा झाला, हे विशेष. मग ग्राइप वॉटरच्या बाटलीशी बाळकृष्ण आला. साबण, औषधे, बाळाचे खाद्य अशा वस्तूंसाठी पौराणिक चित्रे दिनदर्शिकांवर फुकट वाटली जाऊ लागली. स्वदेशीच्या चळवळीने माल बदलला, पण पद्धत मात्र तीच उचलली.

स्वातंत्र्यानंतर हा धंदा शिवकाशीत स्थिरावला. तिथले दोघे नाडर 1922 मध्ये आगपेट्या कशा करतात ते शिकायला कलकत्त्याला गेले आणि परत येऊन त्यांनी आगपेटीचा उद्योग उभा केला. आगपेटीला लेबल लागते, लेबलाला छापखाना. मग फटाके आले, फटाक्यांनाही लेबले आली, आणि छापखाने वर्षभर चालते राहावेत म्हणून दिनदर्शिका. याची रीत मोठी मासलेवाईक आहे. चित्रे आधी छापून ठेवायची, खालची पट्टी कोरी सोडायची. एजंट नमुन्यांची वही घेऊन गावोगाव फिरतो. लोखंडाचा व्यापारी लक्ष्मी निवडतो, मिठाईवालाही तीच निवडतो, सहकारी पतपेढीही तीच. मागणी नक्की झाली की कोऱ्या पट्टीत ज्याचे त्याचे नाव उमटते. लक्ष्मी एकच, खालचे धनी शंभर. चित्रकाराला ठाऊक नसते की आपण कोणाची जाहिरात करत आहोत, आणि व्यापाऱ्याला ठाऊक नसते की चित्र कोणाचे आहे.

यात आपली माणसेही होती आणि त्यांना कमी लेखू नये. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही गोव्याचे, एस. एम. पंडित गुलबर्ग्याचे. त्यांचे रेखाटन पक्के होते. ‘दीपावली’ काढणाऱ्या दलालांनी तर मराठी वाचकाला रंग पाहायला शिकवले. मुळगावकरांच्या देवतांच्या डोळ्यांतली कोवळीक आजही एखाद्या जुन्या घरात भेटते. पण त्यांच्या मागून आलेल्या नकलाकारांच्या लाटेत देवांचे चेहरे एकसारखे गोरे, गुळगुळीत आणि हसरे होत गेले. आपल्या गावोगावच्या देवी तांदळा आहेत. म्हणजे शेंदूर माखलेला, डोळे लावलेला, अनघड दगड. माहूरची रेणुका म्हणजे मोठा शेंदरी मुखवटा. त्या रूपात दरारा आहे, ओळख आहे, त्या मातीचा वास आहे. नमुन्यांच्या वहीत मात्र तांदळा शोभत नाही, कारण शेजारच्या तालुक्यातल्या गिऱ्हाइकाला तो चालत नाही. मग रेणुकेलाही तेच लांबट डोळे, तीच भरजरी साडी, तेच ओठ. कुलदेवतेचे नाव टिकले आणि रूप गेले. जी पिढी केवळ चित्र पाहून वाढली, ती माहूरला गेल्यावर मुखवटा पाहून बुचकळ्यात पडते. माझ्या मते इथे ऱ्हास हा शब्द वापरायला हरकत नाही. ही हानी कोणी दुष्टपणाने केलेली नाही. सर्वांना चालेल असेच छापायचे, या एका व्यापारी नियमाने ती आपोआप झाली.

दुसरी हानी निरोपाची. रविवर्म्याचे चित्र लोक पैसे देऊन घेत, चौकट करून लावत. दिनदर्शिका फुकट येते, एकेका घरात चार-पाच येतात, आणि डिसेंबर संपला की प्रश्न पडतो. काही जण खालची दुकानाची पट्टी कात्रीने कापून वरचा देव चौकटीत बसवत. माझ्या आजोळी असे दोन गणपती आणि एक दत्त होते. त्या कात्रीला मी बारीकशी समीक्षाच मानतो. पण दरवर्षी पाच देव कुठे बसवायचे? शिवाय उदबत्तीचे पुडके आहे, पूजेच्या तांदळाची पिशवी आहे, लग्नपत्रिका आहे. लक्ष्मी बॉम्बचे कागद पाडव्याच्या सकाळी रस्त्यावर पडलेले असतात आणि त्यांवरून सगळे जग चालत जाते. वर म्हटलेली मुदत आणि निरोप इथे कोणत्याच आचारात बसत नाही. म्हणून आपण चोरून वडाच्या पारावर फोटो ठेवून येतो, किंवा विश्वामित्रीच्या पुलावरून पिशवी सोडतो आणि मागे वळून पाहत नाही.

कायद्याने या प्रश्नाला थोडा हात लावलेला आहे. धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदवता येत नाही, असे 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यात आहे. आणि उदबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकट्याला हक्क सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ठरवले. म्हणजे देव कुणा एकाच्या मालकीचा नाही, एवढे झाले. तो सगळ्यांनीच वापरला तर काय, हे कायद्याच्या कक्षेत येत नाही.

चित्रांनंतर पाळी आली सणांची. अक्षय्य तृतीया घ्या. आपल्याकडे हा पितरांचा दिवस. उदककुंभ द्यायचा, म्हणजे वैशाखाच्या उन्हात पाण्याने भरलेला घडा दान करायचा. खानदेशात ती आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. बडोद्यात आणि सुरतेत स्थायिक झालेल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांना हे सांगायला नको. आज वर्तमानपत्राचे पहिले पान उघडले की हा सोने घेण्याचा दिवस असतो. शुभ दिवशी सोने घेण्याची चाल जुनी असेल. पण तोच त्या दिवसाचा अर्थ, हे गेल्या दोन-तीन दशकांत सराफांच्या जाहिरातींनी घडवले. त्यात घड्याचा उल्लेख नसतो, कारण मातीचा घडा विकून पानभर जाहिरातीचा खर्च निघत नाही. ज्याच्याकडे सोन्याचे पैसे नाहीत त्याला त्या दिवशी काहीच करण्यासारखे नाही, अशी एक नवी खंत मात्र घरात शिरते. पाण्याचा घडा कुणालाही देता येत होता.

तरीही बाजाराच्या नावाने नुसती बोटे मोडणे मला मान्य नाही. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपले दिवाळी अंक जाहिरातींच्या आधारावरच उभे आहेत, ती पाने काढली तर कथा-कविताही जातील. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केले, तेही बाजारातच, जाहिरातींसह. पण त्यांनी भिंतीवर चित्राऐवजी मजकूर आणला. तिथी, वार, सण आणि पानामागे लेख, पाककृती. तो कागद गिऱ्हाईक दाम मोजून घेते, म्हणून त्यात काय आहे हे ते वाचते आणि नसले तर तक्रारही करते. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्या घरांत, जिथे मुले गुजरातीत किंवा इंग्रजीत शिकतात, तिथे भिंतीवरचे सततचे मराठी अक्षर बहुधा तेवढेच असते. दुधाचा हिशेब त्याच चौकटीत लिहिला जातो, आणि पुष्कळ नातवंडांनी ‘चतुर्थी’ हा शब्द पहिल्यांदा तिथेच वाचलेला आहे.

लक्ष्मीविलास राजवाड्यातली रविवर्म्याची मूळ चित्रे तिकीट काढून पाहता येतात. एखाद्या रविवारी सकाळी नातवंडांना घेऊन जावे. जाण्यापूर्वी घरातली एखादी जुनी दिनदर्शिका त्यांच्यापुढे ठेवावी, आणि परत आल्यावर कुलदेवतेचा टाक देव्हाऱ्यातून काढून त्यांच्या तळहातावर द्यावा. तिन्ही पाहून झाल्यावर मुले जे विचारतील, त्याची उत्तरे आजी-आजोबांनी आपल्या घरच्या रीतीप्रमाणे द्यावीत.