अपस्मार : झटक्यातील जाणिवेची परीक्षा

अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) झटक्यात रुग्णाची शुद्ध हरपली होती की नाही, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. सर्वांगाला आचके येऊन रुग्ण कोसळल्यास संशय उरत नाही. अडचण येते ती मेंदूच्या एका भागातून उद्‌भवणाऱ्या झटक्यांत.

तिचे उत्कृष्ट उदाहरण इंग्रज मज्जाविकारतज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५—१९११) यांनी १८८८ मध्ये ब्रेन या नियतकालिकात नोंदविले. ‘झेड’ या अक्षराने निर्देशिलेला त्यांचा हा रुग्ण स्वतःच डॉक्टर होता. एका आजारी मुलाला तपासत असता त्याला झटक्याची चाहूल लागली. भानावर आला तेव्हा तो त्याच खोलीत लिहिण्याच्या मेजापाशी बसलेला होता. मधले काहीच त्याला आठवेना. तासाभराने पाहतो तो मुलगा बिछान्यात, व डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याची नोंद स्वतःच्याच हातची. कुतूहलाने पुन्हा तपासले, तर निदान तेच निघाले. झेड १८९४ मध्ये मरण पावला. शवपरीक्षेत त्याच्या मेंदूच्या डाव्या शंखखंडाच्या आतील बाजूस मृदू झालेला लहानसा भाग आढळला. हा वृत्तांत १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

तेव्हा न आठवणे म्हणजे बेशुद्धी, असे म्हणता येत नाही. उलट, वाचेशी संबंधित भागात झटका आल्यास रुग्ण सर्व ऐकतो, पुढे सांगतोही, परंतु त्या क्षणी त्याला बोलता येत नाही. अशा रुग्णास बेशुद्ध ठरविणे हा अन्यायच होय. कारण वाहन चालविणे, पोहणे, यंत्रावर काम करणे यांविषयीचा सल्ला बराचसा या निर्णयावर अवलंबून असतो.

अमेरिकन वैद्य रॉबर्ट श्वाब यांनी १९३९ मध्ये लघु-अपस्माराच्या रुग्णांत, मेंदूचा विद्युत् आलेख चालू असतानाच, खुणेला मिळणाऱ्या प्रतिसादाचा काळ मोजला. आज रुग्णालयात आलेख व चित्रण एकाच वेळी घेतात. झटका येताच परिचारिका नाव विचारते, हात उचलावयास सांगते, एखादा शब्द लक्षात ठेवावयास देते व नंतर तो विचारते. बोलता येत नसल्यास खुणेने करावयाची आज्ञा देतात. घरी आलेल्या झटक्यांबाबत मात्र नातेवाइकांच्या सांगण्यावरच भिस्त असते, आणि घाबरलेल्या माणसाचे निरीक्षण कितपत नेमके असणार !

आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या १९८१ च्या वर्गीकरणात जाणीव व प्रतिसाद हे दोन्ही निकष होते. २०१७ मध्ये केवळ जाणीव, म्हणजे प्रत्यक्षात बहुधा नंतरची आठवण, एवढाच निकष ठेवला गेला. झेडचे उदाहरण पाहता हा बदल समाधानकारक नव्हता. २०२५ च्या सुधारणेत प्रतिसादाला पुन्हा जाणिवेच्या जोडीने स्थान मिळाले.