बिनहाताचा सुकाण्या

जुलै 1895. अझोर्स बेटं मागे टाकून जोशुआ स्लोकम 'स्प्रे' या आपल्या शिडाच्या होडीतून अटलांटिकमध्ये पुढे निघाला होता. सोबत कुणी नाही. बेटावर मिळालेलं पांढरं चीज आणि आलुबुखार त्याने मनसोक्त खाल्ले, आणि मग पोटात अशा कळा उठल्या की गडी खोलीतल्या फळ्यांवर आडवा झाला. बाहेर वादळ. ग्लानीत त्याला सुकाणूपाशी एक उंच परका माणूस दिसला. कोलंबसच्या ताफ्यातल्या 'पिंटा' जहाजाचा मी मालम, म्हणजे वाटाड्या, तू निवांत पड, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्लोकम उठला तेव्हा 'स्प्रे'ने रात्रीत 90 मैल कापले होते, तेही ठरल्या दिशेने.

पिंटाचा मालम हा स्वयंचलित सुकाण्याचा मूळपुरुष मानायला माझी हरकत नाही. पण खरी किमया होती 'स्प्रे'च्या बांधणीत. लांब कणा, रुंद पोट, शिडं अशी लावलेली की सुकाणू दोरीने बांधून टाकलं तरी होडी मार्ग सोडत नसे. पुढे थर्सडे बेटापासून कोकोस बेटांपर्यंतचे 2,700 मैल तिने 23 दिवसांत कापले, आणि या सगळ्या काळात स्लोकमने सुकाणू धरलं ते जेमतेम तीन तास. 1898 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा तो पहिला माणूस ठरला.

सुकाणू हा शब्द आपल्याकडे आला तो अरबी 'सुक्कान'मधून, आणि मालम आला 'मुअल्लिम'मधून. सुकाणू धरणारा माणूस गलबतावर नेमकं काय करतो? सुकाण्याचं एक लक्ष होकायंत्रावर असतं आणि दुसरं वाऱ्यावर. शीड जरा फडफडलं, मानेवरचा वारा गालावर आला, होडी कलली, की हात आपोआप हलतो. यंत्राला हे सगळं एकदम शिकवणं जमलं नाही. म्हणून त्याची दोन घराणी झाली. एक वाऱ्याचं, दुसरं होकायंत्राचं.

वाऱ्याचं घराणं गरिबाघरचं. तळ्यात सोडायच्या खेळण्यातल्या होड्यांवर वातकुक्कुटासारखं पातं बसवून सुकाणू फिरवण्याची युक्ती 1930 च्या दशकात रूढ झाली. मोठ्या होड्यांना तिचं खरं महत्त्व कळलं 1960 मध्ये. त्या वर्षी प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकेकट्याने अटलांटिक ओलांडायची शर्यत लागली. होड्या पाच. फ्रान्सिस चिचेस्टरने आपल्या होडीच्या मागे छोट्या शिडासारखं पातं उभारलं होतं, त्याचं नाव 'मिरांडा'. तो 40 दिवसांत पोचला आणि जिंकला. दुसरा आलेला ब्लाँडी हॅस्लर हा निवृत्त नौसैनिक, आणि शर्यतीची कल्पना मुळात त्याचीच. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याची खरी देणगी म्हणजे त्याने पात्याला लावलेली लोलकाची जोड.

नुसत्या पात्यात सुकाणू ओढण्याएवढा जोर नसतो. हॅस्लरच्या रचनेत वाऱ्याचं पातं फक्त पाण्यात सोडलेली एक लांब फळी किंचित वळवतं. वळलेल्या फळीला धावतं पाणी बाजूला ढकलतं, फळी लोलकासारखी झुलते आणि दोऱ्यांनी सुकाणू ओढते. हुकूम वाऱ्याचा, कष्ट पाण्याचे. होडी जितकी वेगात, तितकी ओढ जोरकस. बॅटरी नाही, तारा नाहीत. आजही लांबच्या सफरीला निघालेल्या कितीतरी होड्यांच्या मागे हेच यंत्र लटकलेलं दिसतं.

या घराण्याची एक शाखा थेट मुंबईची आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची 32 फुटी 'सुहैली' मुंबईत सागवानात बांधली गेली. तिचं नावही अरबी खलाशांच्या तोंडचं, आखातातल्या आग्नेयेच्या वाऱ्याचं. 1968 च्या जूनमध्ये तो फालमथहून कुठेही न थांबता जगाला फेरा घालायच्या शर्यतीत निघाला. होडीवर पात्याचं सुकाणूयंत्र होतं, त्याला तो 'अॅडमिरल' म्हणे. ऑस्ट्रेलियाच्या आसपास अॅडमिरलसाहेब कायमचे कामातून गेले. उरलेली निम्मी पृथ्वी त्याने शिडांचा तोल साधून आणि सुकाणू बांधून ओलांडली, म्हणजे पुन्हा स्लोकमचीच विद्या. 312 दिवसांनी तो परतला, आणि शर्यत पुरी करणारा तो एकटाच होता.

होकायंत्राचं घराणं मात्र श्रीमंत, युद्धनौका आणि तेलवाहू जहाजांचं. एल्मर स्पेरीने भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारं होकायंत्र बनवलं आणि 1920 च्या दशकात त्याला सुकाणू जोडलं. खलाशांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं 'मेटल माइक', म्हणजे लोखंडी मायकेल. पण या घराण्याचा खरा शास्त्री म्हणजे निकोलाय मिनोर्स्की. रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या या माणसाने निष्णात सुकाण्यांचं निरीक्षण केलं. त्याला दिसलं की जहाज किती भरकटलं एवढंच चांगला सुकाणी पाहत नाही. ते किती वेगाने वळतंय हेही पाहतो, आणि बराच वेळ एकाच बाजूला सरकत असेल तर त्याचाही हिशोब मनात ठेवतो. म्हणूनच नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, मार्गावर यायच्या आतच तो सुकाणू परत फिरवायला लागतो. 1922 मध्ये मिनोर्स्कीने हे गणितात मांडलं. आज कारखान्यातल्या भट्टीपासून ड्रोनपर्यंत सगळं ज्या तीन पदांच्या नियंत्रणावर चालतं, त्याचं पहिलं शास्त्रशुद्ध विवेचन हे. एका खलाशाच्या हातातलं कसब असं जगभर पसरलं. मिनोर्स्कीच्या यंत्राच्या 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर चाचण्या चांगल्या झाल्या, तरी नौदलाने ते स्वीकारलं नाही. सुकाणूवरच्या माणसांना ते रुचलं नव्हतं. मला त्यांचा राग येत नाही.

छोट्या होड्यांवर हे घराणं उतरलं 1970 च्या दशकात. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या डेरेक फॉसेटने बॅटरीवर चालणारा, सुकाणूच्या दांड्याला अडकवायचा 'ऑटोहेल्म' बाजारात आणला. हौशी माणसाला पहिल्यांदाच चहा करायला हात मोकळे मिळाले.

तरीही दोन्ही घराणी एकेका डोळ्याने अधू. पात्याला दिशा कळत नाही. वारा फिरला की होडी मुकाट्याने त्याच्यामागे फिरते आणि झोपलेला मालक खडकाकडे निघालेला असतो. होकायंत्राला वारा कळत नाही. वारा फिरला तरी ते हट्टाने सरळच जातं, शिडं फडफडतात किंवा उलटी भरतात.

दोघांची सोयरीक लावून दिली एकट्याच्या शर्यतींनी, विशेषतः 1989 पासूनच्या व्हांदे ग्लोबने. त्यात माणसाला झोपावं तर लागतंच, आणि झोपेतही होडी वेगात पळायला हवी. मग फ्रान्समधल्या एनकेई आणि इंग्लंडमधल्या बी अँड जी यांसारख्यांनी ऑटोपायलटला डोलकाठीच्या टोकावरचा वारा, होडीचा वेग, कल आणि वळण्याची गती हे सगळं एकत्र वाचायला शिकवलं. डोलकाठी हेलकावते तेव्हा टोकावरचं पातं खोटं सांगतं. हेलकाव्याचं मोजमाप घेऊन तो खोटेपणा वजा करणं ही या यंत्राची मोठी हुशारी.

हा हुशार सुकाण्या आता सहलीच्या होडीवरही आला आहे, पण बहुतेक मालक त्याला अजून होकायंत्रावरच चालवतात. वाऱ्याच्या जवळून जाताना त्याला भासमान वाऱ्याचा, म्हणजे चालत्या होडीवर जाणवणाऱ्या वाऱ्याचा कोन पाळायला सांगावा, म्हणजे वाऱ्याच्या लहानसहान फिरण्याचा फायदा तो स्वतःच उचलतो. मागून वारा असताना मात्र तसं करू नये. होडी लाटेवरून घसरली की वेग वाढतो, भासमान वारा पुढे सरकतो आणि यंत्र फसून नाळ वाऱ्यापासून दूर नेतं. मग लाटेच्या पायथ्याशी वेग पडला की शीड अवचित पलीकडे आदळतं. तिथे खऱ्या वाऱ्याचा कोनच हवा. झोत आला तर चांगली यंत्रं वाऱ्याकडे जाताना नाळ जराशी वाऱ्यात घालतात आणि वारा मागून असताना दूर नेतात. जुना तांडेल हेच करायचा.

एक गोष्ट मात्र कुठलंच यंत्र करत नाही. शिडं जास्त झाली की सुकाणू सतत एका बाजूला दाबून धरावं लागतं, आणि आडवं सुकाणू म्हणजे पाण्यातला ब्रेक. यंत्र तक्रार न करता ते दाबून धरतं, बॅटरी खातं आणि वेग मारतं. आजच्या आखूड कण्याच्या, रुंद बुडाच्या होड्या 'स्प्रे'पेक्षा चपळ आहेत, पण तितक्याच चंचल. तेव्हा बटण दाबण्याआधी सुकाणू दोन बोटांनी धरून पाहा. जड लागलं, तर आधी मोठं शीड आखूड करा.