पोत्यातला नत्र



२०१८ साली सरकारने युरियाचे पोते ५० किलोंवरून ४५ किलोंवर आणले. त्यामागची कल्पना साधी होती. आपला शेतकरी खत वजनाने टाकीत नाही, एकरी दोन पोती, तीन पोती अशा हिशेबाने टाकतो. पोतेच हलके केले म्हणजे रानात पडणारे खत आपोआप कमी होईल. आम्ही ज्या मालधक्क्यावर हमालांची संघटना चालवितो, तेथे मात्र ह्या हुकुमाचे भांडण झाले. ठेकेदार म्हणाला, ओझे दहाव्या हिश्श्याने उतरले, तेव्हा पोत्यामागची मजुरीही उतरली पाहिजे. आमचे म्हणणे असे की, पोते हलके झाले तरी वाकणे तेवढेच आणि पाठही तीच. तीन बैठका झाल्या, दर टिकला. पण उठता उठता टोळीतल्या एका पोराने आम्हांस विचारले, "दादा, सरकारलाच खत कमी पडायला हवंय, तर मग ह्या रेकमागून रेक येतात कशाला?"

ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणारे लोक पुष्कळ आहेत. आम्हांस ते जमले नाही. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढले जे काही, ते नगरवाचनालयाच्या बाकावर बसून झाले. तेथेच वर्षभर ह्या पोत्याचा इतिहास धुंडाळला.

पिकाला नत्र लागतो. हवेत तो शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग आहे, पण तेथे त्याचे कण एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले असतात की झाडाला त्यांचा उपयोग नाही. हरभरा, तूर, भुईमूग ह्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू तेवढी ती मिठी सोडवितात. ज्वारीवर हरभरा घ्यावा, धनगराला धान्य देऊन मेंढरे रात्रभर रानात बसवावी, हे आपल्या वाडवडिलांचे शहाणपण नत्राचेच होते. नाव ठाऊक नव्हते इतकेच. परंतु त्या शहाणपणालाही मर्यादा होती. शेण, लेंड्या आणि शेंगा जितका नत्र देतील तितकेच धान्य.

युरोपातील शहरे वाढली तशी त्यांना ही मर्यादा जाचू लागली. तेव्हा लक्ष गेले पेरूच्या किनाऱ्याजवळील चिंचा बेटांकडे. तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही. समुद्रपक्ष्यांची विष्ठा युगानुयुगे न वाहून जाता साचून तिचे डोंगर झाले होते. तिला ग्वानो म्हणत. १८४० नंतरच्या चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून अधिक ग्वानो जहाजांतून बाहेर गेला. तो खणावयास कैदी होते, गुलाम होते, आणि १८४९ पासून आठ-आठ वर्षांच्या करारावर आणलेले चिनी मजूर होते. विष्ठेची ती धूळ नाकाडोळ्यांत जाळीत असे. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या टाकून सुटका करून घेतली, म्हणून पुढे कड्यावर पहारे बसविले गेले. इंग्लंडात जो सलगम आणि गहू तरारला, त्याच्या मुळाशी हे होते.

ग्वानो सरू लागला तसा वाळवंटातील सोरा पुढे आला. त्याच्यावरून १८७९ ते १८८३ चिली, पेरू आणि बोलिव्हिया ह्यांत युद्ध झाले. सोऱ्याची भूमी चिलीकडे गेली, आणि बोलिव्हिया समुद्राला मुकला तो आजतागायत. पण राजांच्या आणि राष्ट्रांच्या गोष्टी इतरत्र वाचावयास मिळतात; आम्हांस जेथे थांबावेसे वाटते ते इकीके हे बंदर.

सोऱ्याच्या खाणींवर मजुरी नाण्यात मिळत नसे, मालकाने पाडलेल्या बिल्ल्यांत मिळे. ते बिल्ले मालकाच्याच दुकानात चालत. माती मोठमोठ्या काहिलींत उकळून सोरा काढीत. काहिलींना कठडा नसे. पाय घसरला की माणूस उकळत्या रसात. डिसेंबर १९०७ मध्ये कामगारांनी संप केला आणि हजारोंच्या संख्येने वाळवंट तुडवीत ते इकीकेला उतरले. त्यांचे मागणीपत्र आम्ही पुन्हापुन्हा वाचले आहे. चलनाची किंमत ढासळली आहे, तरी ठरीव भावाने मजुरी द्या. बिल्ल्यांचा पूर्ण मोबदला द्या. दुकानाबाहेर काटा आणि गज ठेवा, म्हणजे आम्हांला माल पडताळून घेता येईल. काहिलींवर लोखंडी जाळी बसवा. आणि रात्रीच्या शाळेसाठी एक जागा द्या.

रात्रीच्या शाळेसाठी! आम्ही आजवर कैक मागणीपत्रे लिहिली, पण हे कलम वाचून आमचे आम्हांस उणे वाटले.

त्यांना सांता मारिया नावाच्या शाळेत उतरविले होते. २१ डिसेंबर रोजी जनरल सिल्वा रेनार्दने त्या शाळेवर यंत्रतोफा चालविल्या. बायकामुलेही आत होती. सरकारी आकडा शंभर-दीडशेचा, कामगारांच्या आठवणीतला दोन हजारांवरचा. सोरा पुढेही जहाजांत भरला जात राहिला.

ह्याच्या आधीच, १८९८ साली, विल्यम क्रुक्स ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने इशारा दिला होता की, सोरा संपेल आणि गहू खाणारे जग उपाशी पडेल. तेव्हा रसायनशास्त्राने हवेतला नत्र धरावा. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत ते करून दाखविले, आणि कार्ल बॉशने १९१३ साली ओपाऊ येथे कारखाना उभा केला. दोनशे वातावरणांचा दाब, पाचशे अंशांच्या घरातली उष्णता, लोखंडाचा उत्प्रेरक. हवा आणि हायड्रोजन ह्यांतून अमोनिया. वर्षभरातच महायुद्ध पेटले आणि तोच नत्र दारूगोळ्याकडे वळला. हाबरने स्वतः १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर विषारी वायू सोडण्याचे काम पाहिले. पुढे त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते अमोनियाबद्दल.

ओपाऊच्या कोठारात ४,५०० टन खत साठून दगडासारखे घट्ट झाले होते. ते फोडण्यास सुरुंग लावण्याचा तेथे परिपाठच पडला होता. हजारो वेळा काही झाले नाही. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी झाले. सुमारे ५६० माणसे गेली आणि गाव सपाट झाले. मालधक्क्यावर थापीतले पोते कडक झाले की आमचे मुकादम ते आपटून फोडावयास सांगतात, तेव्हा आम्हांस ओपाऊ आठवते. युरिया तसा उडत नाही हे ठाऊक असूनही आठवते.

आता ज्याला हे सर्व ऐकून कारखानाच नको असे वाटेल, त्याने जरा थांबावे. १९०० साली जगात सुमारे १६० कोटी माणसे होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जवळपास लोकांचे अन्न ह्या कृत्रिम नत्रावर उगवते, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. बंगालचा १९४३ चा दुष्काळ आणि त्यात गेलेली लाखो माणसे आपण विसरू नये. सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, आपल्या तुर्भ्याचा १९६५ मध्ये. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन ठेंगण्या गव्हाचे बी आले. आपला उंच गहू नत्र दिला की लोळत असे. हा उभा राहिला. १९६४-६५ मधील सव्वा कोटी टन गहू १९७०-७१ पर्यंत जवळजवळ दुप्पट झाला. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने ह्या आकड्यास नाक मुरडू नये.

परंतु टाकलेल्या नत्रापैकी निम्माही पुष्कळदा पिकाच्या मुखी लागत नाही. काही विहिरीत उतरतो. तसले पाणी पाजलेली तान्ही मुले निळी पडतात हे १९४५ साली अमेरिकेतील आयोवात नोंदले गेले. काही नदीने समुद्रास जातो. तेथे शेवाळ माजते, कुजते, आणि पाण्यातला प्राणवायू संपून मासे गुदमरतात. मिसिसिपी नदीच्या मुखाशी, मेक्सिकोच्या आखातात, २०१७ साली असा मृत पट्टा २२,००० चौरस किलोमीटरांहून मोठा मोजला गेला. काही नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन आकाशात जातो आणि कर्बवायूच्या अडीचशेपटींहून अधिक उष्णता अडवितो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिकांत नायट्रेट मर्यादेपलीकडे निघाले. त्यात गावच्या गटारांचा आणि गोठ्यांचाही वाटा आहे, सगळाच दोष पोत्याचा नव्हे.

शेतकऱ्याला बोल लावणेही सोपे आहे. १९९२ साली स्फुरद आणि पालाश ह्यांचे भाव मोकळे सोडले गेले, युरियाचा मात्र बांधलेलाच राहिला. आज ४५ किलोंचे पोते, कर आणि निंबलेप वगळता, २४२ रुपयांस मिळते. जे स्वस्त ते माणूस जास्त टाकणारच.

राहता राहिली आमची गोष्ट. खत कमी झाले तर रेक कमी, रेक कमी तर आमच्या माणसांची चूल थंड. त्या पोराच्या प्रश्नाला आम्ही वर्षभर बगल दिली ती ह्यामुळे, हे कबूल करतो. यंदाच्या मागणीपत्रात आम्ही नवे कलम घातले आहे: पोती कितीही येवोत, हजर टोळीस किमान रोज मिळाला पाहिजे. ते लिहीत असता त्याच पोराने आणखी एक कलम घालावयास लावले. मालधक्क्यावरील ज्या बोअरचे पाणी हमाल पितात, त्याची दर सहा महिन्यांनी तपासणी व्हावी. पहिल्या कलमावर ठेकेदाराने विचार करण्यास मुदत मागितली. दुसऱ्यावर तो हसला. बोलणी पुढील सोमवारी आहेत, आणि दुसरे कलम आम्ही मागे घेतलेले नाही.