एका नावाखाली अनेक: मल्टिमॅपची कुळकथा

बंगळुरूच्या इंदिरानगरात राहायला आलो तेव्हा पहिले काही दिवस मला धड पत्ता सांगता येत नव्हता. ‘पाचवा क्रॉस’ म्हटलं की रिक्षावाला पुढच्या शब्दाची वाट बघत थांबायचा. पाचवा क्रॉस इंदिरानगरात आहे, मल्लेश्वरममध्ये आहे, जयनगरातही आहे. आकडा एक, त्याखाली जागा अनेक. प्रोग्रामिंगमध्ये मी दिवसभर हीच रचना हाताळतो. तिला मल्टिमॅप म्हणतात: एका किल्लीखाली अनेक मूल्यं. तेच मूल्य दुसऱ्यांदा आलं तर ते घ्यायचं नाही असा नियम असेल, तर ती सेट-मल्टिमॅप. (ऑफिसात आम्ही ‘की’च म्हणतो, पण मराठी वाक्यात ती दुसऱ्या ‘की’त मिसळून जाते, म्हणून इथे किल्ली.)

या रचनेचं जुनं घर मी नाशिकला पाहिलं. आजोबांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो होतो. तीर्थोपाध्यायांनी माझं नाव विचारलं नाही. आडनाव काय आणि मूळ गाव कुठलं, एवढंच विचारलं. उत्तर मिळताच त्यांनी एक लांबट चोपडी काढली, पानं उलटली आणि आमच्या घराण्याचं पान समोर धरलं. त्यात आजोबांची सही होती, ‘र’ला शेपूट काढायची त्यांची लकब जशीच्या तशी. काही ओळी सोडून खाली तीच सही पुन्हा. एकदा ते वडिलांचं कार्य करायला आले होते, एकदा आईचं. चोपडीत ते दोनदा आहेत आणि दोनदाच असायला हवेत, कारण तिथे माणसं मोजलेली नाहीत, येणं मोजलेलं आहे. आमच्या भाषेत ही लिस्ट झाली.

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा धर्म वेगळा. तिचा पहिला खंड 1944 साली आला, त्यात 1800 ते 1937 या काळातली मराठी पुस्तकं आहेत. दुसरा 1961 साली, 1938 ते 1950 या काळाचा. सूचीतही एका लेखकाच्या नावाखाली अनेक पुस्तकं येतात, पण एकच पुस्तक चार ग्रंथालयांत सापडलं म्हणून त्याची चार पुस्तकं होत नाहीत. हा सेट. हे पुस्तक तेच का, हे सूचीकाराने प्रत्येक वेळी ठरवायचं असतं आणि सगळी मेहनत त्या ठरवण्यात जाते. उलट्या दिशेने एकच पुस्तक अनेक विषयांखाली कसं शोधता यावं, याचा आयुष्यभर विचार केलेले एस. आर. रंगनाथन उत्तरायुष्यात याच बंगळुरूत राहिले. डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर त्यांनी 1962 साली इथेच उभं केलं.

संगणकात आल्यावर मात्र ही रचना बराच काळ उपरी राहिली. खरं तर हॅश टेबलच्या पोटात ती आधीपासून होती. हान्स पीटर लून यांनी जानेवारी 1953 मध्ये आयबीएममधल्या एका टिपणात नोंदी कप्प्यांत वाटायची कल्पना मांडली, तेव्हा एका कप्प्यात अनेक नोंदी साखळीने राहतील हे त्यात आलंच होतं. पण बाहेरून वापरणाऱ्याला दिसतं ते एका किल्लीला एकच मूल्य, म्हणजे नुसता मॅप. सी प्लस प्लससाठी अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी लिहिलेली एसटीएल 1994 साली प्रमाणित ग्रंथालयात घेतली गेली, तिच्यात मल्टिमॅप नावानिशी होता. मात्र तो चोपडीच्या वळणाचा: तीच जोडी दोनदा घातली तर दोनदा राहते.

जावाच्या कलेक्शन्स डिसेंबर 1998 मध्ये आल्या, जोशुआ ब्लॉक यांच्या आखणीतून. त्यांत मल्टिमॅप नव्हता. अशी रचना फारशी लागत नाही, लागलीच तर मॅपमध्ये लिस्ट ठेवा, असं जावाचा पाठ सांगे. मला हे कधीच पटलं नाही. त्या पाठातलं उदाहरणच बघा: अक्षरांची उलटापालट करून होणारे शब्द एकत्र करायचे. आपण ते मराठीत करू. शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावली की किल्ली तयार होते. ‘गमर’ या किल्लीखाली मगर आणि गरम येतात. ‘जरह’खाली जहर आणि हजर. आता शब्दकोशाऐवजी एखादी कादंबरी वाचायला दिली, तर ‘हजर’ शंभरदा येईल आणि लिस्टमध्ये शंभरदा बसेल. इथे सेटच हवा.

मग वर्षानुवर्षं आम्ही त्याच तीन पायऱ्या लिहीत राहिलो. किल्लीखाली काही आहे का बघा. नसेल तर रिकामा सेट करून ठेवा. मग त्यात मूल्य घाला. मधली पायरी विसरली की नल पॉइंटर एक्सेप्शन, आणि ते नेमकं रात्री. पायथनने 2006 साली 2.5 आवृत्तीत डिफॉल्टडिक्ट देऊन ती पायरी स्वतःकडे घेतली. जावावाल्यांना गूगलमधल्या केव्हिन बोरिलियन आणि जॅरेड लेव्ही यांच्या गूगल कलेक्शन्सने सोडवलं. तिची 1.0 आवृत्ती डिसेंबर 2009 मध्ये आली आणि पुढे ती ग्वावात सामावली. लिस्ट-मल्टिमॅप आणि सेट-मल्टिमॅप ही दोन वेगळी नावं तिथे आहेत. नसलेली किल्ली विचारली तर नल मिळत नाही, रिकामा सेट मिळतो. शेवटचं मूल्य काढलं की किल्लीही जाते, शेवटचा भाडेकरू गेल्यावर दारावरची पाटी उतरावी तशी. 2014 च्या जावा 8 मध्ये कम्प्यूट-इफ-ॲब्सेंट आलं, तेव्हा तीन पायऱ्यांची एक ओळ झाली, आणि त्याच्या माहितीपत्रातलं उदाहरण किल्लीखाली हॅशसेट ठेवण्याचंच आहे.

इतकं सगळं आयतं हातात असताना गेल्या वर्षी मी घरी मराठी शब्दांची सूची करत होतो. एका किल्लीखाली ‘ॲप’ हा शब्द दोनदा दिसला. सेट होता, तरी दोनदा. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. तासभर मी माझ्या ओळींत चूक शोधत बसलो, मग एकेक अक्षराचा क्रमांक छापून पाहिला. एका ठिकाणी ॲ हे एकच अक्षर होतं, यूनिकोडमध्ये 2008 साली 5.1 आवृत्तीत आलेलं, क्रमांक 0972. दुसऱ्या ठिकाणी साधा अ आणि त्यापुढे वेगळी टंकलेली अर्धचंद्राची खूण: ‘अॅप’. यूनिकोडचं नॉर्मलायझेशनही या दोघांना एक मानत नाही. सेटच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होते, आणि त्याला दिलेल्या नियमाने त्याचं बरोबर होतं. हे दोन्ही तेच, हे दात्यांसारखं मलाच ठरवायचं होतं.

आता शब्द सूचीत शिरण्याआधी अ आणि अर्धचंद्राची ती जोडी दिसली की तिचा एकच ॲ होतो. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन-तीन तऱ्हांनी टंकलेला सापडतो, त्याचं काम अजून चालू आहे.