धोंडो : एका खडबडीत नावाच्या अनेक ओळखी

बारशाच्या पत्रिकेवर ‘धोंडो’ हे नाव आता दिसत नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या वंशावळींत, शाळेच्या जुन्या दाखल्यांत, देवळाच्या फरशीवर कोरलेल्या देणगीदारांच्या नावांत मात्र ते जागोजागी भेटते. धोंडो, धोंडोपंत, धोंडजी, धोंडीराम, धोंडीबा, धोंडू. स्त्रियांत धोंडाबाई आणि धोंडूताई. आजच्या कानाला ही नावे खडबडीत वाटतात. अनेक घरांत नातवंडांना पणजोबांचे हे नाव सांगताना आवाज थोडा खाली येतो. या संकोचाला कारण नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी या नावाचा प्रवास थोडक्यात मांडत आहोत.

प्रथम अर्थ. धोंडा म्हणजे दगड, तोही न घडवलेला. मराठी भाषेने धोंड्याला कधी मान दिलेला नाही. स्वतःचे नुकसान करून घेणारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, नकोशी जबाबदारी गळ्यातली धोंड होते. मग पोटच्या मुलाला हे नाव का द्यावे? उत्तर त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीत आहे. देवी, पटकी, ताप यांनी पाळणे रिकामे होत असत. एकामागून एक मुले गेलेल्या घरात नवे मूल जन्मले, की त्याला सुंदर नाव द्यायची भीती वाटे. दृष्ट लागू नये, मृत्यूला हेवा वाटू नये, म्हणून त्याला टाकाऊ वस्तूचे नाव ठेवायचे. दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिरड्यावरून उकर्डा ही सगळी एकाच कुळातली नावे. दगडाला कोण नेणार, हा त्यामागचा हिशेब. तिरस्काराचा वेश घातलेली ती माया होती.

हा हिशेब एकट्या मराठीचा नाही, हे आपल्यासारख्या सीमेवरच्या आणि सीमेपलीकडच्या मराठी माणसांना पुस्तकावाचून कळते. बेळगाव-खानापूर भागात धोंडीबाच्या शेजारी कल्लाप्पा राहतो. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. गुंडाप्पातला गुंडु म्हणजे गोटा आणि तिप्पाण्णातली तिप्पे म्हणजे उकिरडा. यांतील काही नावांमागे ग्रामदैवतेही उभी आहेत, पण दगडाच्या आणि उकिरड्याच्या नावाने मूल राखण्याची रीत दोन्ही भाषांत सारखीच आहे. कल्लाप्पा हे नाव तर आमच्या कित्येक मराठी घरांनी आपलेच मानले आहे. हैदराबादच्या वाचकांना तेलुगू पेंटय्या ठाऊक असेल; त्यातही उकिरडाच आहे. बडोद्याकडे कचराभाई आणि उकाभाई, ग्वाल्हेरकडे घूरेलाल. भाषा बदलते, लिपी बदलते, पण आईची भीती तीच राहते.

धोंडोची दुसरी ओळख पंचांगातून येते. सुमारे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येणारा अधिक मास खेड्यापाड्यांत ‘धोंड्याचा महिना’ म्हणून ओळखला जातो. या महिन्यात मंगलकार्ये होत नाहीत, पण जावयाला जेवायला बोलावून तेहेतीस अनारशांचे वाण दिले जाते. कित्येक ठिकाणी पुरण भरलेले ‘धोंडे’ करून वाढतात. या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नाव सहजच धोंडू पडे. पुराणकथा सांगते की, या उपऱ्या महिन्याला कोणी देव वाली मिळेना, तेव्हा विष्णूने त्याला आपलेच नाव दिले. तोच महिना पोथीत पुरुषोत्तम आणि गावात धोंडा. नको असलेल्याला जवळ करण्याची ही गोष्ट आणि मुलाला दगड म्हणून जपण्याची रीत यांचा सूर एकच आहे.

गोव्यातल्या वाचकाला मात्र अधिक मासाआधी शिरगावची लईराई आठवेल. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालणाऱ्या व्रतस्थांना तेथे ‘धोंड’ म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात पाऊस लांबला की, अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधलेला मुलगा ‘धोंडी’ होऊन दारोदार फिरे आणि बाया त्याच्या डोक्यावर पाण्याची घागर रिती करीत. जवळपास एकाच उच्चाराच्या शब्दाने कोणाला पाऊस आठवतो, कोणाला अग्नी, कोणाला जावयाचे ताट.

नाव एकच असले, तरी त्याला लागणारा प्रत्यय माणसाची पायरी सांगत असे. लेखणी धरणारा धोंडोपंत, तलवार धरणारा धोंडजी किंवा धोंडीराव, नांगर धरणारा धोंडीबा. आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यातला धोंड्या. आईबापांनी मायेने ठेवलेले ओबडधोबड नाव इतरांच्या तोंडी अपमानाचे हत्यार कसे होते, हे दलित आत्मकथनांनी मराठीला दाखवले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’चे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू. म्हणून या नावांविषयी बोलताना केवळ कौतुकाचा सूर लावता येत नाही. त्यांच्यात माया आहे, तशी उतरंडही आहे.

याच नावाला दुसऱ्या बाजूने मान मिळाला, तोही आठवावा. जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. ते संवादरूपाने लिहिलेले आहे आणि जोतीरावांशी बोलणाऱ्या, त्यांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे नाव आहे धोंडीबा. या पुस्तकात धोंडीबा धोंड्यासारखा गप्प बसत नाही. तो शंका काढतो, कारणे मागतो आणि त्याच्या प्रश्नांवर पुस्तक पुढे सरकते.

आता आपल्या भागाचा इतिहास. १८०० साली कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधल्या मुलखात एका माणसाने ईस्ट इंडिया कंपनीला काही महिने झोप लागू दिली नाही. तो धोंडजी ऊर्फ धोंडिया वाघ. जन्म चन्नगिरीचा, घराणे मराठा. हैदरअली आणि टिपू यांच्या चाकरीत तो होता, पुढे टिपूनेच त्याला श्रीरंगपट्टणला कैदेत टाकले. मे १७९९ मध्ये ते शहर पडले, तेव्हा तो सुटला, माणसे जमवली आणि स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवू लागला. त्याच्या पाठलागावर कंपनीने आर्थर वेलस्लीला पाठवले, तोच पुढे वॉटर्लूचा विजेता ठरला. पेशव्यांच्या बाजूने या मोहिमेत उतरलेले सरदार होते धोंडोपंत गोखले. जून १८०० च्या अखेरीस कित्तूरच्या परिसरात धोंडियाने गोखल्यांना गाठले आणि त्या लढाईत धोंडोपंत मारले गेले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १० सप्टेंबर १८०० रोजी, कोनगल येथे वेलस्लीच्या घोडदळाने धोंडियाला ठार केले. धोंडियाचा लहान मुलगा सलाबतखान वेलस्लीच्या हाती लागला आणि त्याच्या पालनपोषणाची तजवीज वेलस्लीने केली.

आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरजवळ एका धोंडोने दुसऱ्या धोंडोला मारले, ही गोष्ट नुसता योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. एकाच्या नावाला पंत लागतो, दुसऱ्याच्या नावामागे वाघ. एक पुण्याचा सरदार, दुसरा कानडी मुलखात वाढलेला मराठा. हे नाव कोणत्याही एका जातीची, एका दरबाराची किंवा आजच्या एका राज्याची मालमत्ता नव्हते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता? धोंडोपंतांचे पुतणे बापू गोखले पुढे पेशवाईचे सेनापती झाले आणि १८१८ साली आष्टीच्या लढाईत पडले.

उत्तरेकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना आणखी एक धोंडोपंत आठवतील. ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ साली दत्तक घेतलेले नानासाहेब पेशवे इंग्रजी कागदपत्रांत धोंडोपंत आहेत. बाजीराव १८५१ साली वारले, त्यांना मिळणारे वर्षाचे आठ लाखांचे निवृत्तिवेतन कंपनीने दत्तक पुत्राला नाकारले आणि सहा वर्षांनी कानपूर पेटले. त्यांना पकडून देणाऱ्यास एक लाख रुपयांचे इनाम जाहीर झाले, पण ते कोणालाही घेता आले नाही. कानपूरच्या लोकांनी त्यांना नानाराव म्हणून जपले, तेथील बागेचे नावही नानाराव पार्क आहे. सरकारदरबारी गुन्हेगार ठरलेले नाव धोंडोपंत आणि लोकांच्या ओठांवरचे नाव नाना. ज्यूल व्हर्नच्या १८८० सालच्या फ्रेंच कादंबरीत ते ‘दांदू-पंत’ होऊन अवतरले.

आणि ज्यांच्यामुळे हे नाव आजही शाळकरी मुलांना माहीत असते, ते धोंडो केशव कर्वे. जन्म १८ एप्रिल १८५८. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्यापायी बहिष्कार सोसला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभे केले. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे होऊन, ते गेले. मूल दगडासारखे टिकावे म्हणून ठेवले जाणारे नाव इतके खरे करून दाखवणारा दुसरा धोंडो सापडणे कठीण.

येथे एक गल्लत दूर करायला हवी. धुंडिराज हे नाव वेगळे आहे. तो काशीचा गणपती. दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद. देवनागरीत हा फरक डोळ्यांना दिसतो, रोमन लिपीत पुसट होतो, कारण तेथे ध आणि ढ यांना एकच वेश आहे, द आणि ड यांनाही एकच. इंग्रज अधिकाऱ्यांनी धोंडियाचे नाव आपल्या कानाला आले तसे लिहिले आणि वाघ हे आडनाव तर ‘वॉ’ या इंग्रजी आडनावासारखे दिसू लागले. रोमनवरून ते परत देवनागरीत आणणाऱ्याला धोंडिया लिहावे, धुंडिया की ढूंढिया, हे उमगत नाही.

हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीचा नाही, आपल्या घरातल्या कागदांचा आहे. हे नाव आता मुख्यतः मधल्या जागी उरले आहे. विजय धोंडोपंत तेंडुलकर, नामदेव धोंडो महानोर, रघुनाथ धोंडो कर्वे. मराठी आद्याक्षरे लिहिण्याची आपली पद्धत पाहा. आपण ‘ना. धों. महानोर’, ‘र. धों. कर्वे’ असे लिहितो. नुसते ‘ध’ नव्हे, तर ओकार आणि अनुस्वारासह अख्खे ‘धों’. त्या एका अक्षरावरून वडिलांचे नाव ओळखता येते. तेच रोमनमध्ये नुसते ‘डी’ झाले, की तो दत्तात्रय, दिनकर, दामोदर कोणीही असू शकतो. १ नोव्हेंबर १९५६ नंतर सीमाभागातल्या मराठी माणसाचे नाव मराठी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांतून फिरू लागले. कन्नड लिपीत ‘धों’ नीट लिहिता येते, दोष त्या लिपीचा नाही. नाव हरवते ते घाईने आखूड करताना, आणि कित्येकदा ते आखूड करणारे आपणच असतो, कारण पूर्ण नाव सांगायची लाज वाटते.

नवजात मुलाचे नाव धोंडो ठेवा, असा आग्रह आम्ही धरणार नाही. ज्या भीतीतून ते नाव आले, ती भीती लसींनी आणि दवाखान्यांनी बरीच दूर केली आहे. ती परत यावी असे कोणाला वाटेल? पण ज्यांच्या वंशावळीत धोंडीबा, धोंडूताई, कल्लाप्पा, तिप्पाण्णा असतील, त्यांनी ती नावे पूर्ण लिहावीत, देवनागरीत लिहावीत आणि ती कशी पडली हे घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे. त्या नावाआधी त्या घरात किती मुले गेली होती, हे जन्ममृत्यूच्या दप्तरात क्वचितच सापडते. पुष्कळदा त्याची एकमेव नोंद म्हणजे ते नावच असते.