सीमेवरचे कायदेशिक्षण

पांढुर्णा-सौंसर भागातील जुन्या मराठी घराण्यांना एके काळी विद्या आणि न्याय दोन्ही नागपुरासच मिळत. तेथे १९२३ साली विद्यापीठ आणि १९३६ साली उच्च न्यायालय स्थापन झाले. त्या विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले कायदेपंडित डॉ. हरिसिंह गौर यांनी १९४६ साली स्वकष्टार्जित धनातून सागर विद्यापीठ उभारले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. आपले उच्च न्यायालय जबलपूरला गेले. सोयरसंबंध आणि भाषा मात्र नागपूरकडेच राहिली.

याचा खरा भार शेतीवर पडला. सौंसरच्या शेतास मध्य प्रदेशाची १९५९ ची भू-राजस्व संहिता लागू, तर काटोल-नरखेडच्या शेतास महाराष्ट्राची १९६६ ची जमीन महसूल संहिता. एकाच घराण्याच्या वाटणीस दोन कायदे!

अशा प्रश्नांसाठी एलएल.एम.चे महत्त्व आहे. पूर्वी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असे. २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एक वर्षाचा मार्गही खुला केला. त्यात संविधान व प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कंपनी व व्यापारी कायदा, कुटुंब व सामाजिक सुरक्षा कायदा इत्यादी विशेष शाखा आहेत. अर्थार्जनाच्या दृष्टीने कंपनी कायद्याचे आकर्षण स्वाभाविकच आहे. तथापि जुने मराठी वाटणीपत्र वाचून दोन्ही संहितांचा तौलनिक अभ्यास करणारा अभ्यासक आपल्याच घरांतून निघू शकेल. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा मिळाला, आता त्याचा कायदा जाणणारी पिढी घडविणे आपल्या हाती आहे.